चिप्सचं पाकीट भंगारवाला का घेत नाही? पानशेतच्या रस्त्यावर पडलेल्या पिशव्या काय सांगतात

पावसाळ्यातला शनिवार-रविवार आला की पुण्याहून पानशेतकडे जाणारा रस्ता गाड्यांनी भरून जातो. खडकवासला, डोणजे, खानापूर मागे टाकत लोक धरणाच्या काठावर पोहोचतात. भजी होतात, भाजलेली कणसं होतात, रील्स होतात. आणि सोमवारी सकाळी रस्त्याच्या कडेला उरतो तो कचरा.

हा कचरा नीट पाहिला तर त्यात वस्तू फार वेगवेगळ्या नसतात. पाण्याची बाटली, चिप्सचं पाकीट, दुधाची पिशवी, गुटख्याची पुडी, हातगाडीवर मिळालेली पातळ पिशवी आणि कापडासारखी दिसणारी एखादी ‘इको-फ्रेंडली’ पिशवी. आपण या सगळ्याला एकच शब्द वापरतो: प्लास्टिक. पण कचरा वेचणाऱ्या बाईला हे सहा वेगळे माल दिसतात. ती बाटली आधी उचलते. दुधाची पिशवी फार चिखलात नसेल तर घेते. चिप्सच्या पाकिटाकडे ती बघतही नाही.

ते पाकीट मग तिथेच राहतं, पुढच्या मोठ्या सरीपर्यंत. वेल्हे तालुक्यातलं (आता राजगड तालुका) पानशेत धरण आंबी नदीवर आहे. त्याचं पाणी खाली खडकवासल्यात येतं आणि तिथून पुण्याच्या नळाला. म्हणजे हा प्रश्न फक्त रस्ता घाण दिसण्याचा नाही.

एक पाकीट उचललं जातं आणि दुसरं पडून राहतं, याचं कारण त्या पाकिटांच्या बनावटीत आहे. बनावटीचे शब्द मात्र कारखान्यात, कायद्यात आणि भंगारच्या दुकानातच वापरले जातात. मायक्रॉन, जीएसएम, गसेट, लॅमिनेशन, एमएलपी, ईपीआर. वापरणाऱ्यापर्यंत ते पोहोचतच नाहीत.

मायक्रॉन, गेज आणि जीएसएम

यातला मायक्रॉन तेवढा प्लास्टिकबंदीच्या बातम्यांमुळे कानावर पडलेला असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. पिशवी किती जाड, हे या मापात सांगतात.

घाऊक बाजारात मात्र अजूनही ‘गेज’ हा शब्द चालतो. १०० गेज म्हणजे साधारण २५ मायक्रॉन. म्हणजे दुकानदार ‘दोनशे गेजची जाड पिशवी आहे’ म्हणाला, तर ती ५० मायक्रॉनची असते. केंद्राच्या नियमानुसार कॅरीबॅग आज किमान १२० मायक्रॉनची, म्हणजे सुमारे पावणेपाचशे गेजची हवी. दोनशे गेज ऐकायला भरपूर वाटतं, पण कायद्याच्या हिशेबात ते निम्म्याहून कमी आहे.

हा १२० चा आकडा टप्प्याटप्प्यानं आला. १९९९ मध्ये केंद्रानं २० मायक्रॉनची मर्यादा घातली. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, नाले पिशव्यांनी तुंबल्याची चर्चा झाली आणि महाराष्ट्रानं ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आणली. केंद्र २०११ मध्ये ४० वर आणि २०१६ मध्ये ५० वर गेलं. मग ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०.

जाडी वाढवून काय साधतं? दोन गोष्टी. जाड पिशवीला प्लास्टिक जास्त लागतं, त्यामुळे ती फुकट वाटणं दुकानदाराला परवडत नाही. आणि ती वजनाला भरते, त्यामुळे वेचणाऱ्याला उचलणं परवडतं. भंगारात माल किलोवर विकला जातो आणि पातळ पिशव्यांचा किलो भरता भरत नाही.

महाराष्ट्र यापुढेही गेला. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं राज्यानं कॅरीबॅगवरच बंदी घातली, हँडल असो वा नसो, जाडी कितीही असो. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार रुपये दंड, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. त्यामुळे ‘१२० मायक्रॉनची आहे, चालते’ हे वाक्य केंद्राच्या नियमात बसतं, पण राज्याच्या बंदीला उत्तर म्हणून पुरत नाही. कणसं विकणाऱ्या काकूंना हा फरक कुणी समजावून सांगितलेला नसतो. दंडाची पावती मात्र त्यांच्याच हातात येते.

कापडासारख्या पिशवीला मायक्रॉन लागू होत नाही, तिथे जीएसएम येतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर मालाचं ग्रॅममधलं वजन. केंद्राचा नियम सांगतो की नॉन-वोव्हन पिशवी किमान ६० जीएसएमची हवी. ‘नॉन-वोव्हन’ म्हणजे न विणलेलं. पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचे बारीक तंतू पसरवायचे आणि उष्णतेनं, दाबानं एकमेकांना चिकटवायचे. दिसायला कापड, मुळात प्लास्टिक. ओळखायचं असेल तर तिची कड पाहा. दोऱ्याच्या शिवणीऐवजी ठिपक्यांची दाबलेली रेघ दिसली, तर तो जोड वितळवून केलेला आहे. कापूस असा वितळत नाही. लग्नाच्या हॉलपासून मिठाईच्या दुकानापर्यंत ‘कापडी पिशवी’ म्हणून जी खपते, ती बरेचदा हीच असते.

दाण्यापासून पिशवीपर्यंत

प्लास्टिकची पिशवी सुरू होते साबुदाण्याएवढ्या दाण्यापासून. कारखान्यात त्याला ‘दाणा’च म्हणतात. दाणा तेलापासून नव्यानं बनवलेला असेल तर तो ‘व्हर्जिन’, जुनं प्लास्टिक वितळवून केलेला असेल तर ‘रिप्रोसेस’. रंग हवा असेल तर त्यात ‘मास्टरबॅच’ मिसळतात, म्हणजे रंगाचा दाट दाणा. काळ्या पिशवीत बहुतेक वेळा रिप्रोसेस दाणा असतो, कारण काळा रंग बाकी सगळे रंग झाकतो.

दाणा वितळवून गोल फटीतून वर ढकलतात आणि आत हवा भरतात. फुग्यासारखी उंच नळी तयार होते, ती थंड करून चपटी करतात आणि रिळावर गुंडाळतात. ही झाली ‘ब्लोन फिल्म’. त्या नळीला ठरावीक अंतरावर गरम पट्टीनं चिकटवून कापलं की पिशवी तयार. चिकटवण्याच्या त्या रेघेला ‘सील’ म्हणतात. पिशवी भाजीच्या वजनानं खालून सुटली, तर कारखान्याच्या भाषेत तो ‘बॉटम सील’चा दोष असतो.

हातात घेतल्यावर चुरचुर वाजणारी पातळ पिशवी बहुधा एचएम, म्हणजे उच्च घनतेच्या पॉलिथिनची. मऊ, थोडी तेलकट लागणारी एलडी, म्हणजे कमी घनतेची. काचेसारखी पारदर्शक आणि कडक, ज्यात शर्ट पॅक होऊन येतो, ती पीपी. बनियनच्या आकाराची, दोन पट्ट्यांची ती डब्ल्यू-कट. वर मूठ जाईल एवढं भोक पाडलेली ती डी-कट. आणि बाजूला किंवा तळाला आत दुमडलेली घडी, जी भरल्यावर उघडून पिशवीला रुंदी देते, ती ‘गसेट’. काजूचं किंवा मसाल्याचं पाकीट फळीवर स्वतःच्या पायावर उभं राहतं ते तळाच्या गसेटमुळे. त्याला ‘स्टँड-अप पाऊच’ म्हणतात.

मोठ्या मालाची गोष्ट वेगळी. वेल्हे हा भाताचा मुलूख. तिथल्या शेतकऱ्याला पोतं, गोणपाट, बारदान हे शब्द कुणी शिकवायला नकोत. ताग हा या घराण्यातला मूळ पुरुष, आणि १९८७ च्या ताग पॅकेजिंग कायद्यानं आजही त्याला धान्य आणि साखरेच्या काही वाट्याचं संरक्षण दिलं आहे. बाकी खत, सिमेंट, पशुखाद्य केव्हाच विणलेल्या प्लास्टिकच्या गोणीत गेलं. (जाता जाता: १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्याच्या आदल्या रात्री लष्कराचे जवान बांधावर वाळूची पोतीच रचत होते.) विणलेली गोणी भंगारात विकली जाते, घरात दहा कामांना येते, पावसात पत्र्यावर अंथरली जाते. ती रस्त्यावर क्वचितच पडलेली दिसते. जिला किंमत आहे ती वस्तू कुणी ना कुणी उचलतंच.

चिप्सचं पाकीट म्हणजे एक वस्तू नाही

आता मूळ प्रश्न. पाकीट आतून चांदीसारखं चमकतं. बऱ्याच जणांना तो ॲल्युमिनियमचा कागद वाटतो. तो कागदही नाही आणि घरात पोळ्या गुंडाळतो तसा फॉइलही नाही.

बाहेरचा थर असतो बीओपीपी या फिल्मचा. ती पॉलिप्रॉपिलीनच, पण तयार होताना उभी-आडवी दोन्हीकडे ताणलेली, म्हणून पातळ असूनही मजबूत आणि चकचकीत. छपाई असते या थराच्या आतल्या बाजूला, उलटी. म्हणून पाकीट कितीही घासलं तरी रंग हाताला लागत नाही. मग चिकटवणाऱ्या द्रवाचा थर. मग ‘मेटलाइज्ड’ फिल्म: निर्वात यंत्रात ॲल्युमिनियमची वाफ करून ती फिल्मवर बसवतात. हा धातूचा थर इतका पातळ असतो की मायक्रॉनचे शंभर भाग करून त्यातले दोन-चार मोजावेत. पण तेवढ्यानं हवा, ओल आणि प्रकाश अडतो. सगळ्यात आत असतो उष्णतेनं चिकटणारा थर, ज्याच्यामुळे पाकीट सील होतं. थर एकमेकांवर चिकटवण्याच्या या कामाला ‘लॅमिनेशन’ म्हणतात आणि तयार मालाला ‘एमएलपी’, म्हणजे बहुस्तरीय प्लास्टिक.

हे सगळं कशासाठी? बटाट्याचा तळलेला काप पावसाळी हवेत काही मिनिटांत मऊ पडतो. तेलाला हवा लागली की खवट वास येतो. म्हणून पाकिटात साधी हवा न भरता नायट्रोजन भरतात, आणि तो महिनोन् महिने आत टिकावा म्हणून हे थर. ‘पाकिटात निम्मी हवाच’ हा विनोद जुना आहे, पण तो वायू काप मोडू नयेत आणि खवट होऊ नयेत म्हणूनच असतो. गावातल्या टपरीवर काही महिन्यांपूर्वी बनलेलं पाकीट कुरकुरीत मिळतं, ही या फिल्मची कमाल आहे. ती नाकारून चालणार नाही.

अडचण सुरू होते पाकीट रिकामं झाल्यावर. बाटली एकाच प्लास्टिकची असते, धुऊन तुकडे करून वितळवता येते. पाकिटात मात्र फिल्म, शाई, गोंद, धातू असं सगळं एकमेकांत अडकलेलं. काही पाकिटांत तर दोन वेगळी प्लास्टिकं असतात, एक वितळेपर्यंत दुसरं वितळतच नाही. थर सुटे करणं शक्य असतं, पण खर्चाचं. एकत्र वितळवलं तर मिळतो कमकुवत, करड्या रंगाचा दाणा, ज्याला भाव कमी.

आणि वजन. ढोबळ हिशेब करून पाहा. दहा रुपयांचं पाकीट साधारण १५ बाय २० सेंटिमीटरचं धरलं, तर दोन्ही बाजू मिळून ०.०६ चौरस मीटर फिल्म होते. फिल्म ४० मायक्रॉनची असेल तर तिचं वजन जेमतेम सव्वादोन ग्रॅम. म्हणजे एक किलो भरायला चारशेहून जास्त पाकिटं वेचावी लागतील. वीस ग्रॅमच्या पाण्याच्या बाटल्या पन्नास उचलल्या की किलो होतो, आणि त्याला भावही चांगला. उन्हात वाकून काम करणारी बाई कुठला माल उचलेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

त्या रंगीत चौकोनांचं काय?

पाकिटाच्या कडेला छोटे रंगीत चौकोन किंवा एक काळी पट्टी असते. व्हॉट्सॲपवर फिरणारा एक जुना दावा सांगतो की टूथपेस्टच्या ट्यूबवरची हिरवी पट्टी म्हणजे नैसर्गिक, काळी म्हणजे निव्वळ रसायन. हा दावा खोटा आहे.

ती पट्टी म्हणजे ‘आय मार्क’. छापील फिल्मचं किंवा ट्यूबचं रिळ यंत्रात वेगानं पळत असतं. कुठे कापायचं, कुठे सील करायचं हे यंत्राला कळावं म्हणून प्रकाशावर चालणारा सेन्सर ही खूण वाचतो. खूण गडद असली आणि पार्श्वभूमी फिकी असली की काम झालं. रंग त्या डिझाइनमध्ये जो उठून दिसेल तो. ओळीनं असलेले अनेक चौकोन मात्र छपाईत कोणकोणत्या शाया वापरल्या ते दाखवतात, छपाई करणाऱ्याला रंग जुळतोय का हे तपासता यावं म्हणून. आतल्या मालाशी दोन्हींचा काही संबंध नाही.

त्याच कडेला खरोखर वाचण्यासारखी खूण वेगळी असते. तीन बाणांचा त्रिकोण आणि आत आकडा. १ म्हणजे पीईटी, २ उच्च घनतेचं पॉलिथिन, ४ कमी घनतेचं, ५ पॉलिप्रॉपिलीन, आणि ७ म्हणजे ‘इतर’. अनेक थरांची पाकिटं बहुधा ७ मध्ये येतात. त्रिकोण पाहून लोकांना वाटतं की वस्तू पुन्हा वापरात येणारच. त्रिकोणातला आकडा फक्त वस्तू कशाची बनली आहे ते सांगतो. ती कुणी घेईल का, याची हमी त्यात नाही.

कायद्यातले जास्तीचे चार शब्द

इतका त्रासदायक माल कायद्यानं बंद का केला नाही? एकदा तसं ठरलं होतं.

१८ मार्च २०१६ ला केंद्राचे प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम आले. त्यात लिहिलं होतं की पुनर्चक्रण न होणारं बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत टप्प्याटप्प्यानं बंद करायचं. मुदत मार्च २०१८ मध्ये संपत होती. त्याच महिन्यात, २७ मार्च २०१८ ला नियमात दुरुस्ती झाली. आता बंद करायचं होतं ते असं बहुस्तरीय प्लास्टिक, ज्याचं पुनर्चक्रण होत नाही, किंवा ज्यापासून ऊर्जा मिळत नाही, किंवा ज्याचा दुसरा काही उपयोग नाही.

वाचायला साधी दुरुस्ती. पण प्लास्टिक जळतं, आणि जळणाऱ्या वस्तूपासून ऊर्जा मिळते. सिमेंटच्या भट्टीत कोळशासोबत पाकीट टाकता येतं, म्हणजे ‘ऊर्जा मिळाली’. डांबरी रस्त्यात मिसळता येतं, म्हणजे ‘दुसरा उपयोग’ झाला. या शब्दांनंतर बंदीच्या व्याख्येत बसणारं पाकीट शोधूनही सापडणं कठीण झालं. २०१८ मध्येच महाराष्ट्रात कॅरीबॅगवर धाडी पडत होत्या. देशातलं चिप्सचं पाकीट मात्र त्याच वर्षी सुटलं.

कॅरीबॅगच्या व्याख्येतही अशीच एक फट आहे. माल वापरण्याआधीच ज्यात सीलबंद केलेला असतो, त्या पिशवीला कॅरीबॅग म्हणत नाहीत. राज्याच्या बंदीतही उत्पादनाच्या वेळीच केलेल्या वेष्टनाला सूट आहे. म्हणून हातगाडीवरची पिशवी बेकायदा आणि त्याच गाडीला लटकलेली पाकिटांची माळ कायदेशीर. यात अन्नसुरक्षेची गरज खरी आहे, पण मोठा उत्पादक आणि छोटा विक्रेता यांच्यातलं अंतरही तेवढंच खरं आहे.

गुटख्याची पुडी मात्र याला अपवाद. गुटखा, तंबाखू, पानमसाल्यासाठी प्लास्टिकची पुडी वापरायला २०१६ च्या नियमांनीच मनाई केली आहे आणि महाराष्ट्रात तर गुटखाच २०१२ पासून बंद आहे. म्हणजे ती पुडी दोनदा बेकायदा आहे. रस्त्यावर ती किती दिसते, हे पानशेतला जायला न लागताही सांगता येईल.

पन्नास पैशांची पिशवी

दुधाच्या पिशवीवर महाराष्ट्रानं वेगळा प्रयोग केला. ती एकाच जातीच्या प्लास्टिकची, पॉलिथिनची असते. २०१८ च्या अधिसूचनेत अट होती की पिशवी ५० मायक्रॉनपेक्षा जाड, खाण्याच्या मालाला योग्य अशा व्हर्जिन प्लास्टिकची असावी आणि तिच्यावर परत घेण्याची किंमत छापलेली असावी, किमान ५० पैसे. जून २०१९ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत सांगितलं होतं की राज्यात रोज सुमारे १ कोटी दुधाच्या पिशव्या कचऱ्यात जातात, म्हणजे ३१ टन प्लास्टिक.

कल्पना सोपी होती आणि तिच्यामागचा तर्क बरोबर होता: वस्तूला किंमत दिली की ती रस्त्यावर राहत नाही. पण ५० पैशांसाठी पिशवी धुऊन, वाळवून, साठवून परत नेणारा ग्राहक आणि ती मोजून पैसे देणारा दुकानदार ही जोडी जमली नाही. पिशव्या आजही गोळा होतात त्या भंगाराच्या भावावर. एक साधी गोष्ट मात्र घरी करता येते. कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका, लटकता ठेवा. तो नखाएवढा तुकडा एकटा पडला की कुठल्याही यंत्राच्या किंवा माणसाच्या हाती लागत नाही.

हिरवं पान छापलेल्या पिशवीबद्दलही एक गैरसमज दूर करायला हवा. ‘कंपोस्टेबल’ म्हणजे खत होणारी, पण कुठेही नाही. आयएस १७०८८ हे मानक औद्योगिक खत प्रकल्पातल्या परिस्थितीसाठी आहे, जिथे ढीग ५८ अंशांच्या आसपास तापवून ठेवलेला असतो. धरणाच्या थंड पाण्यात किंवा बांधावर ती पिशवी तशी कुजत नाही. ‘बायोडिग्रेडेबल’ हा शब्द तर इतका सैल वापरला गेला की मार्च २०२४ मध्ये केंद्राला व्याख्या कडक करावी लागली: विघटनानंतर प्लास्टिकचे सूक्ष्म कणही उरता कामा नयेत.

मग जबाबदारी कुणाची?

कायद्याचं उत्तर आहे ईपीआर, म्हणजे विस्तारित उत्पादक जबाबदारी. ज्यानं पाकीट बाजारात आणलं त्यानं तेवढ्या वजनाचं प्लास्टिक परत गोळा करून मार्गी लावायचं. १६ फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी पॅकेजिंगचे चार वर्ग केले. पहिला कडक प्लास्टिकचा, म्हणजे बाटल्या, डबे. दुसरा लवचिक प्लास्टिकचा: पिशव्या, पुड्या, सगळे थर प्लास्टिकचेच असलेली पाकिटं. तिसरा, ज्यात प्लास्टिकसोबत कागद किंवा फॉइलसारखा दुसरा माल आहे. चौथा कंपोस्टेबल.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गात २०२४-२५ साठी किमान ३० टक्के पुनर्चक्रण हवं होतं. २०२७-२८ पर्यंत ते ६० टक्के व्हायचं आहे. पुनर्चक्रण न होणारं उरलेलं प्लास्टिक रस्ते, सिमेंट भट्ट्या, तेल किंवा वीज बनवण्याकडे जाऊ शकतं. कंपनीला हे काम स्वतः करायची गरज नाही. पुनर्चक्रण करणाऱ्यांकडून प्रमाणपत्र विकत घेतलं तरी चालतं.

इथे दोन अडचणी आहेत. पहिली, प्रमाणपत्रांचा खरेपणा. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत सुमारे ६ लाख प्रमाणपत्रं बनावट असल्याचं समोर आलं. न केलेल्या कामाची कागदं विकली जात होती.

दुसरी अडचण पानशेतसारख्या जागांची, आणि ती बनावटगिरी थांबली तरी संपत नाही. ईपीआर वजन मोजतं, जागा मोजत नाही. देशभर माल विकणारी कंपनी एखाद्या महानगरातल्या वर्गीकरण केंद्रातून सोपा, कोरडा, गठ्ठ्यात बांधलेला माल घेऊन आपला कोटा पूर्ण करू शकते. धरणाच्या काठावरचं, चिखलात रुतलेलं, सव्वादोन ग्रॅमचं पाकीट शोधायला कुणी गाडी पाठवण्याचं कारणच उरत नाही. वर्गीकरण केंद्र आहे तिथे ईपीआरचा पैसा जातो. आठवड्यातून दोन दिवस शहर येऊन कचरा टाकून जातं अशा गावात तो पोहोचण्याची शक्यता कमी.

गावात कायदा मात्र आधीच पोहोचला आहे. २०१६ च्या नियमांनी पहिल्यांदा ग्रामपंचायतींनाही प्लास्टिक कचरा गोळा करणं, वेगळा करणं आणि पुढे पाठवणं यासाठी जबाबदार धरलं. म्हणजे पाकीट विकून नफा झाला कंपनीला, खाल्लं पुण्याच्या पर्यटकानं, आणि आवरायचं त्या ग्रामपंचायतीनं, जिचं उत्पन्न तिथल्या घरपट्टी-पाणीपट्टीवर चालतं. असा मिसळलेला, ओला माल पुढे कुणी घेत नाही, मग काडी लावली जाते. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्येच बंदी घातली, ५ हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाईसह. तरीही हेच घडत राहतं, कारण दुसरा मार्ग स्वस्त नाही.

पुण्यात काही प्रयत्न झाले आहेत. कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेसोबत घरोघरचा कचरा गोळा करते. २०२३ मध्ये पुण्याच्याच ‘अशय’ या कंपनीनं चिप्सच्या पाकिटांपासून मिळवलेल्या मालाचे गॉगल बाजारात आणले. संस्थापक अनिश मलपाणी यांच्या या कामाची सोशल मीडियावर बरीच चर्चा झाली. थर वेगळे काढून उपयोगी माल मिळवणं अशक्य नाही, हे त्यातून दिसलं. पण एका गॉगलला लागतात मोजकी पाकिटं, आणि एका पावसाळी रविवारी पानशेतला किती उघडली जातात याची कुठे नोंदच होत नाही.

उत्पादक दुसरा मार्ग शोधू लागले आहेत, ज्याला धंद्यात ‘मोनो-मटेरियल’ म्हणतात. सगळे थर एकाच जातीच्या प्लास्टिकचे करायचे, म्हणजे पाकीट दुधाच्या पिशवीसारखं सहज वितळवता येईल. २०२५-२६ पासून दुसऱ्या वर्गाच्या पॅकेजिंगमध्ये १० टक्के आणि तिसऱ्यात ५ टक्के पुनर्चक्रित प्लास्टिक वापरण्याचं लक्ष्यही ठरलं आहे. म्हणजे चांगल्या दाण्याला मागणी वाढायला हवी, आणि मागणी वाढली तर भंगारात भाव.

१ जुलै २०२५ पासून आणखी एक बदल लागू झाला आहे. पॅकेजिंगची माहिती आणि नोंदणी क्रमांक देण्यासाठी कंपन्यांना पाकिटावर क्यूआर कोड किंवा बारकोड छापता येतो, माहितीपत्रकात तपशील देता येतात किंवा ठरवून दिलेला क्रमांक छापता येतो. पुढच्या वेळी पाकीट हातात आलं तर किंमत आणि तारखेच्या खालच्या बारीक ओळींत हा क्रमांक शोधा. तो ‘पीडब्ल्यूएम’ किंवा ‘ईपीआर’ या अक्षरांजवळ असतो, आणि कंपनी नोंदणीकृत आहे का, हे त्यावरून मंडळाच्या ईपीआर पोर्टलवर पाहता येतं.